पहिली सोनोग्राफी : घाई नको, हयगयही नको

पाळी चुकली आणि तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या की लगोलग सोनोग्राफी करून घ्यावीशी वाटते. गर्भाचे वय मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या हिशेबाने पाचव्या आठवड्यात फार तर गर्भाची पिशवी दिसते. ठोके बहुधा सहाव्या-सातव्या आठवड्यात दिसू लागतात. पाळी अनियमित असल्यास त्याहून उशीर होतो. म्हणून पहिल्या अहवालात ठोके नाहीत एवढ्यावरून गर्भ गेला असे धरून गोळ्या घेऊ नयेत. गर्भाची लांबी 7 मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासूनच निदान करतात.

मात्र पट्टीवर दोन रेघा असूनही गर्भाशयात पिशवी दिसत नसेल, तर गर्भ नळीत असू शकतो. ओटीपोटात एका बाजूला कळ, खांद्याच्या टोकाला दुखणे, चक्कर किंवा रक्तस्राव झाल्यास रात्र असली तरी दवाखाना गाठावा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांनी नळीतला गर्भ पडत नाही. नळी फुटून जिवावर बेतते.

पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून बाळंतपणाची तारीख सर्वांत अचूक ठरते. 11 ते 14 आठवड्यांदरम्यानच्या तपासणीत बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात, तर 18 ते 20 आठवड्यांत अवयवांतील व्यंग पाहतात. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात.

फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी पहिले तीन महिने रोज घ्यावी. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते. मळमळीवर थोडे थोडे, वारंवार खाणे बरे. पाणीही पोटात टिकत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकर परिसरात सोयाबीन-कपाशीची फवारणी चालू असताना गर्भवतीने शेतात थांबू नये, फवारणीचे कपडेही धुऊ नयेत. तंबाखू आणि मिश्री बंदच.

सोनोग्राफीपूर्वी केंद्रात गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याचा एफ फॉर्म भरून घेतात. 1994 च्या या कायद्याने गर्भाचे लिंग विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे. 2011 च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 855 मुली होत्या, त्यामुळे इथे हा नियम कागदापुरता ठेवून चालणार नाही.

बाराव्या आठवड्याआधी आशाताईंकडे नाव नोंदवावे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयात गर्भवतींची मोफत तपासणी होते. दुसऱ्या तिमाहीपासून ती चुकवू नये.