जुहूचा लहानसा विमानतळ

मुलांनो, नाशिक रोडच्या आकाशात तुम्ही पुष्कळदा हेलिकॉप्टरे पाहिली असतील. जवळच गांधीनगर येथे सैन्यातील वैमानिकांना हेलिकॉप्टर चालवण्याचे शिक्षण देतात. मोठा आवाज आला, की आपण मान वर करून पाहतो. नव्वद वर्षांपूर्वी जुहू गावातील माणसेही अशीच वर पाहत असतील!

आज जुहू हा मुंबई शहराचा भाग आहे. त्या काळी ते समुद्रकाठचे एक खेडे होते. तेथे १९२८ साली विमानतळ सुरू झाला. विमानतळ कसला, ते एक मातीचे मैदान होते. पक्की धावपट्टी नव्हती, दिवे नव्हते. वैमानिकाशी बोलायला रेडिओसुद्धा नव्हता.

त्या वेळी इंग्लंडहून येणारी पत्रे विमानाने कराचीपर्यंत येत. पुढे मात्र ती सावकाश पोहोचत. तेव्हा कराची आणि मुंबई ही दोन्ही शहरे एकाच मुंबई प्रांतात होती. ही पत्रे कराचीहून मुंबई व मद्रासला विमानाने न्यावीत, असे टाटा कंपनीने ठरवले.

१५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस उजाडला. जे. आर. डी. टाटा यांनी सकाळी कराचीहून एक छोटे विमान उडवले. त्यात सुमारे २५ किलो टपाल होते. वाटेत ते अहमदाबादला उतरले. तेथे विमानासाठी पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आणले होते! दुपारी विमान जुहूला सुखरूप उतरले. तेथून वैमानिक नेव्हिल विन्सेंट यांनी दुसऱ्या विमानातून टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

सुरुवात तर झाली. पण पावसाळ्यात काय करायचे? पावसाळ्यात जुहूच्या मैदानात चिखल होई. समुद्राला मोठी भरती आली, की मैदान पाण्याखाली जाई. सरकारने या सेवेला पैशांची मदत दिलेली नव्हती. पत्रे उशिरा पोहोचू लागली, तर लोक विमानाने पत्रे पाठवतील का?

या लोकांनी हातपाय गाळले नाहीत. पावसाळा आला, की ते विमाने आणि सामान घेऊन पुण्याला जात. तेथे येरवड्याच्या तुरुंगाजवळील एका मैदानावरून विमाने उडत. अशा रीतीने टपाल चालूच राहिले. पहिल्या वर्षात या विमानांनी सुमारे १ लाख ६० हजार मैल प्रवास केला आणि १५५ प्रवासीही नेले. याच सेवेला १९४६ साली 'एअर इंडिया' हे नाव मिळाले.

१९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डी. टाटा यांनी पुन्हा कराची ते मुंबई विमान चालवले आणि ते जुहूलाच उतरले.

मुलांनो, साधने कमी असली, तरी काम अडत नाही. एक मैदान पाण्याखाली गेले, तर दुसरे शोधावे लागते. आता आकाशात हेलिकॉप्टर दिसले, की जुहूचे ते चिखलाचे मैदान जरूर आठवा.

शब्दार्थ
वैमानिक – विमान चालवणारा
धावपट्टी – विमान उतरण्याचा व उडण्याचा लांब रस्ता
भरती – समुद्राचे पाणी चढणे
हातपाय गाळणे – धीर सोडणे

स्वाध्याय
१. जुहूच्या विमानतळावर कोणत्या सोयी नव्हत्या?
२. पावसाळ्यात विमाने पुण्याला का न्यावी लागत?
३. 'हातपाय गाळणे' हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.