काकांची वही आणि डिपॉझिटचा हिशेब

मे महिना उजाडला की पुण्याच्या पेठांमध्ये एक हंगाम सुरू होतो. परीक्षा आटोपतात, गाद्या गुंडाळल्या जातात, स्वारगेटकडे निघालेल्या रिक्षांत माणसांपेक्षा सामान जास्त दिसते. याच दिवसांत काही घरमालकांची भाड्याखेरीजची कमाई होते. डिपॉझिटमधून ‘कापून घेतलेल्या’ रकमा जोडल्या तर ती किती भरेल, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ठेवणार कोण? मुले गावी निघून गेलेली असतात.

प्रस्तुत लेखक कॉलेजच्या शेवटच्या दोन वर्षांत तीन सोबत्यांसह नारायण पेठेत राहत होता. कॉट बेसिसला कंटाळून चौघांनी वन बीएचके घेतला. भाडे 12,000, डिपॉझिट 40,000, शिवाय एजंटाला एका महिन्याचे भाडे. भाडे दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत पोचत होते. हे मुद्दाम नोंदवायचे, कारण नंतर सोसायटीत ‘ती मुले बेशिस्तच होती’ अशी कुजबुज सुरू झाली. मालकांना ‘काका’ म्हणायचे, हा आग्रह त्यांचाच. दिवाळीत वरून फराळाचे ताट यायचे. भाडेकराराचा विषय निघाला की काका हसून म्हणत, “अरे, घरच्या मुलांशी कसला करार? नोंदणीला उगाच पैसे जातात.” एजंटही मान डोलवायचा.

घर सोडायच्या दिवशी काकांनी लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. रंगकाम 14,000. गीझर 3,000. नळदुरुस्ती 2,500. साफसफाई 2,000. शेवटचे वीजबिल, अंदाजे, 1,500. एकूण 23,000. उरलेले 17,000 ‘सवडीने’.

गीझर चौघे राहायला आले त्या दिवशीच बंद होता. पदरचे पैसे घालून तो त्यांनीच दुरुस्त करून घेतला होता. भिंतीवरच्या चिकटपट्टीच्या खुणा आधीच्या मुलांच्या होत्या. कोणीतरी लावलेला आवर्तसारणीचा तक्ता ओढून काढताना त्याच्याबरोबर रंगाचे पापुद्रेही निघाले होते. तेवढ्यात काकांचा फोन वाजला आणि ते बाल्कनीत गेले. पंख्याच्या वाऱ्याने वहीची पाने उलटली. समोर आले ते जुने पान, वर आधीच्या मुलांची नावे. खाली तोच क्रम, तेच अक्षर: रंगकाम 14,000. गीझर 3,000.

म्हणजे न झालेल्या रंगाचे आणि न दुरुस्त केलेल्या गीझरचे पैसे आधीच एकदा वसूल झाले होते.

काका परतल्यावर त्यांना ते पान दाखवले. ते रागावले नाहीत, गडबडले नाहीत. वही मिटून म्हणाले, “मग जा की कोर्टात. करार कुठाय तुमच्याकडे? दाखवा.” त्यांना ठाऊक होते की एकाची गाडी रात्रीची आहे, दुसऱ्याची मुलाखत दोन दिवसांवर आहे आणि तिसऱ्याच्या वडिलांना गावाहून यायला जमणार नाही. लबाडीपेक्षाही हे वेळ साधणे डोक्यात जाते. ‘सवडीने’ मिळायचे 17,000 देखील निम्मेच आले. पुढे फोन उचलणे बंद झाले.

आता यातला विनोद बघा. ज्या कागदाच्या अभावावर काका इतके निर्धास्त होते, त्याबद्दल कायदा नेमके उलटे सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असेल तर तसे सिद्ध करावे लागते. नोंदणी टाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एका महिन्याचे भाडे खिशात घालणाऱ्या एजंटाने हे एका वाक्यात सांगायला हरकत नव्हती.

‘अकरा महिन्यांचा करार, त्याला नोंदणी लागत नाही’ हे वाक्य आजही टपरीटपरीवर ऐकू येते. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला 1908 च्या नोंदणी कायद्यात सूट आहे, त्यातून हा समज आला. महाराष्ट्रात तो चालत नाही. नुसत्या नोटरीनेही भागत नाही. राहिला खर्चाचा बाऊ. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्यावर 0.25 टक्के, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज कल्पून तेही धरतात. 12,000 भाडे आणि 40,000 डिपॉझिट असलेल्या अकरा महिन्यांच्या करारासाठी हे शुल्क काही शे रुपयांतच येते. शहरात नोंदणी फी 1,000. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. चौघांत वाटली तर ही रक्कम मेसच्या आठवड्याच्या बिलाएवढीही नाही.

कागद नसल्याचा फटका डिपॉझिटपुरता राहत नाही. चौघांतल्या बीडच्या मित्राला स्वाधार योजनेचा अर्ज भरायचा होता. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना या योजनेतून जेवणखाण आणि निवासासाठी रक्कम मिळते. भाड्याने राहत असल्याचा पुरावा द्यायची वेळ आली तेव्हा काकांनी सही करायचे टाळले, ‘उगाच लफडी नकोत’ म्हणून. त्याचे ते वर्ष कोरडे गेले. त्याचा राग लेखकाला स्वतःच्या पैशांपेक्षा जास्त आहे.

यंदा पुणे, संभाजीनगर, नागपूर, कोल्हापूर, कुठेही खोली शोधणाऱ्यांनी एवढे करावे. किल्ली हातात येताच, सामान आत नेण्याआधी, प्रत्येक भिंत, नळ, गीझर आणि विजेच्या मीटरचा आकडा यांचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. डिपॉझिट रोखीने देऊ नये; यूपीआयने देताना शेऱ्यात ‘डिपॉझिट’ लिहावे. पैसे घेतल्याची पावती देणे याच कायद्याच्या कलम 31 प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे, ती मागताना लाजू नये. रंगकामाचे किती कापणार, वापराने झालेली झीज कोणाच्या माथी, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे करारात आकड्यांत लिहून घ्यावे. वीजबिल ‘अंदाजे’ मान्य करू नये. ग्राहक क्रमांक टाकला की महावितरणचे बिल फोनवर दिसते. मूळ गुणपत्रिका कोणाच्याही कपाटात ठेवू नयेत. माणसे पारखून घ्यावीत, घरच्यांना विश्वासात घ्यावे, हेही आलेच. फराळाच्या ताटाने मात्र हुरळून जाऊ नये.

आणि हिशेबाची बैठक निघायच्या दिवशी ठेवूच नये. ती किमान पंधरा दिवस आधी, शक्य तर मोठे कोणी सोबत असताना व्हावी.

डिपॉझिट परत मिळण्यासाठी दिवाणी दावा करायला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ज्यांचे पैसे गेल्या एक-दोन मे महिन्यांत असेच अडकले आहेत, त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचे संभाषण आणि बँकेचे उतारे जपून ठेवावेत, वकिलाकरवी रीतसर नोटीस पाठवावी आणि तिच्यात कलम 55 चा उल्लेख न विसरता करावा.