पत्रा मऊ करताना साबणाची खूण

ताईंनो, कानातले घडवताना ठोकून ठोकून अॅल्युमिनियमचा पत्रा कडक होतो आणि वाकवला की चिरतो. तापवला की तो पुन्हा मऊ होतो. पण तापवायचा किती?

तांबं तापलं की लाल दिसतं. अॅल्युमिनियमचं तसं नाही. ते ६६० अंशांना वितळतं आणि तोवर रंग बदललेला डोळ्यांना कळतच नाही. लाल व्हायची वाट बघत बसले आणि माझा पहिला पत्रा डोळ्यांदेखत वितळून गोळा झाला!

आपल्याला ३५० ते ४०० अंश पुरतात. ते ओळखायला साबण कामी येतो. अंगाच्या साबणाच्या कोरड्या वडीने पत्र्यावर रेघ ओढा. रेघेची बाजू वर ठेवा आणि खालून टॉर्चची ज्योत सारखी फिरवत राहा. रेघ आधी तपकिरी, मग काळी होते. काळी झाली की ज्योत लगेच बाजूला घ्या. रेघेवर थेट ज्योत लागली तर साबण आधीच जळतो आणि खूण फसवी ठरते.

तापलेला पत्रा दिसायला गार पत्र्यासारखाच असतो, म्हणून सांडशीनेच उचला. सुती कपडे घाला, पदर खोचा, काम अंगणात विटेवर करा.

आधी प्रत्येकीने उरलेल्या तुकड्यावर करून बघा, मगच ऑर्डरच्या मालाला हात लावा.