जुन्या लष्करी जीपच्या इंजिनांतील तेलगळती

विलीस व फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनीं १९४१ ते १९४५ या युद्धकाळांत सहा लाखांहून अधिक लष्करी जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर आपल्या देशांत उरलेल्यांपैकीं कित्येक विकल्या गेल्या. त्यांतील एखादी ज्यांच्या गोठ्याशेजारीं अजून उभी आहे, अशा शेतकरी बंधूंसाठीं हा पाठ आहे.

या चार सिलिंडरांच्या इंजिनाच्या चेंबरांत तेल मावतें अवघें पावणेचार लिटर. थेंबथेंब गळून तें फार उतरलें, तर चढावर पंपास तेलाऐवजीं हवा मिळते व बेअरिंगें जळतात. तेव्हां जमिनीवरचा डाग क्षुल्लक मानूं नये.

मागील बाजूस तेल दिसलें, कीं मिस्त्री बहुधा क्रँकच्या मागील सीलवर दोष ठेवितात. सदर येथें माझ्या गाडीचें असेंच झालें. इंजिन उतरविलें, सील बदललें, पैसे मोजले. आणि तिसऱ्या दिवशीं अंगणांत डाग पूर्ववत्! खरा दोष बोटाएवढ्या एका झडपेंत होता.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायु नेहमीं खालीं चेंबरांत उतरतो. तो बाहेर काढण्यासाठीं टॅपेट-कव्हरापासून एक नळी निघून मॅनिफोल्डवरील लहान झडपेस मिळते. ही झडप काजळीनें बुजली, कीं आंत दाब सांचतो आणि झांकण दडपलेल्या भांड्यांतील वाफेप्रमाणें तेल मिळेल त्या सांध्यांतून बाहेर पडतें. म्हणून प्रथम इंजिन मंद चालवून तेल घालण्याच्या तोंडाचें झांकण काढावें व त्यावर कागद धरावा. कागद किंचित् आंत ओढला गेला, तर ठीक. जोरानें उडाला, तर झडप व नळी काढून रॉकेलनें स्वच्छ करावी. त्यानंतरही उडत राहिला, तर रिंगा झिजल्या असें समजावें. मग पॅकिंगें बदलून कांहीं साधत नाहीं.

दाब ठीक असूनही गळती राहिल्यास थंड इंजिन धुऊन, वाळवून त्यावर खडूची भुकटी उडवावी व गाडी तीन-चार मैल फिरवून आणावी. ओलावा जेथें सर्वांत वर व सर्वांत पुढें, तेथेंच उगम. कारण तेल खालीं ओघळतें आणि पंख्याचा वारा तें मागें ढकलतो. टॅपेट-कव्हराचें कॉर्कचें पॅकिंग, त्याच्या नटांखालील तांब्याचे वायसर, फिल्टरच्या नळ्या व पेट्रोल-पंपाचा सांधा हीं नेहमींचीं ठिकाणें होत. कव्हराचे नट बळानें आवळूं नयेत; पत्रा वांकतो व कॉर्क फुटतो. तेलाची पातळी आपोआप चढत असेल आणि तेलास पेट्रोलचा वास येत असेल, तर पंपाचा पडदा फाटला आहे. अशा तेलावर गाडी चालवूं नये.

फ्लायव्हीलच्या घराच्या तळांतून गळणारें तेल बोटावर घेऊन पाहावें. दाट व उग्र वासाचें असल्यास तें गिअरबॉक्सचें. इंजिनाचेंच निघालें, तरी मागील बेअरिंगच्या टोपीच्या दोहों बाजूंचे रबरी तुकडे आधीं तपासावे. ते टोपीपेक्षां किंचित् बाहेर राहिले पाहिजेत, म्हणजे चेंबर आवळतांना दाबले जातात. नीटनेटकेपणाच्या हौसेनें कोणीं ते सपाट कापले असतील, तर तेथूनच तेल येतें. आणि ते बदलण्यास चेंबर उतरविणें पुरतें, इंजिन नव्हे.