गाडी उलाळ झाली!
(पहिली डिझेल गाडी आणि तिच्यामागचा ट्रेलर)



आपल्या वर्गातल्या दोन-तीन घरी यंदा मोठी डिझेल गाडी आली आहे. आमच्याकडेही आली, आणि लगेच दिवाळीच्या कार्यक्रमाचे सामान मानहाइमहून आणायचे काम आमच्याकडे आले. एक छोटा ट्रेलर भाड्याने घेतला. खुर्च्या आधी आत ढकलल्या. मोठी पातेली, भांड्यांची खोकी आणि पाण्याची पिंपे शेवटी मागच्या फळीजवळ रचली. गाडी दणकट आहे, ओढेल सगळे, असे आम्हाला वाटले.

गाडीने ओढले. पण हायडेलबर्गकडे येताना आउटोबानवर वेग ९० च्या आसपास गेला आणि मागचा ट्रेलर शेपटी हलवावी तसा डावी-उजवीकडे झुलू लागला. त्याच्याबरोबर आमची गाडीही हलू लागली. मागच्या सीटवर मुले बसली होती. नशिबाने शेजारून कोणी जात नव्हते. वेग उतरला, झोके थांबले आणि आम्ही पुढच्या फाट्याने बाहेर पडून गाडी उभी केली. साताऱ्याहून आलेले आजोबा खाली उतरले, ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "अरे, गाडी उलाळ भरलीय तुम्ही!"

उलाळ म्हणजे काय?

बैलगाडीत मागे जास्त भार झाला की पुढचे जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. अशा गाडीला 'उलाळ' म्हणतात. पुढे फार भार झाला तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. म्हणून शेतकरी जड पोती चाकांवर ठेवतो आणि भार किंचित पुढे झुकता ठेवतो.

ट्रेलरचेही अगदी तसेच आहे. त्याची दांडी गाडीमागच्या गोळ्यावर थोडी दाबून बसली पाहिजे. या दाबाला जर्मनमध्ये 'श्टुट्झलास्ट' म्हणतात. ट्रेलरच्या प्रत्यक्ष वजनाच्या निदान ४ टक्के दाब हवा, असा इथला नियम आहे. मात्र २५ किलोहून अधिकाची सक्ती नाही. म्हणजे भरलेला ट्रेलर ६०० किलोचा असेल तर किमान २४ किलो. कमाल किती चालेल ते गाडीच्या आणि ट्रेलरच्या पट्टीवर लिहिलेले असते. दोन्हींपैकी जो आकडा लहान, तो पाळायचा. मोजणे सोपे आहे : ट्रेलर आडवा सपाट ठेवून दांडीखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवा.

आम्ही तिथेच सामान उतरवले. पिंपे आणि पातेली चाकांवर ठेवली, खुर्च्या मागे नेल्या, सगळे पट्ट्यांनी आवळले. उरलेला रस्ता ८० च्या आत आलो. ट्रेलर पुन्हा हलला नाही.

वाटेत झोके सुरू झालेच तर? अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ब्रेक लावून वेग उतरवावा. वेग वाढवून ट्रेलर सरळ करायला चुकूनही जाऊ नये.

गाडीची ताकद आणि आपला परवाना

मोठ्या पिकअपच्या कागदावर पुष्कळदा लिहिलेले असते : ३५०० किलो ओढू शकते. पण ही गाडीची क्षमता झाली. आपल्या परवान्याचे काय? साध्या 'बी' परवान्यावर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून मोठा असेल तर गाडी आणि ट्रेलर यांच्या कागदावरच्या कमाल वजनांची बेरीज ३५०० च्या आत हवी. 'बी ९६' चे प्रशिक्षण घेतले तर ४२५० पर्यंत. त्याला परीक्षा नसते. त्यापुढे 'बीई' परवाना लागतो आणि परीक्षाही द्यावी लागते.

आता गणित करा. पिकअप ३२००, ट्रेलर १३००, बेरीज ४५००. ट्रेलर रिकामा असला तरी 'बीई' हवाच, कारण नियम कागदावरचे वजन बघतो. गाडी जितकी मोठी तितकी ही मर्यादा लवकर संपते, हे नव्या मालकाच्या सहसा लक्षात येत नाही.

ट्रेलर जोडला की गावाबाहेर आणि आउटोबानवरही वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. आउटोबानवर १०० ने जायला वेगळी मंजुरी आणि ट्रेलरच्या मागे '१००' चा अधिकृत शिक्का लागतो.

डिझेलच्या चार सवयी

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. रुडोल्फ डिझेल यांनी असे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला यशस्वीपणे चालवून दाखवले. पण ते फार अवजड होते. ते ट्रकवर बसेल असे करण्यात आपल्या शेजारच्या मानहाइमचा मोठा वाटा आहे : तिथल्या बेन्झ कंपनीने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेल ट्रक बनवला. या इंजिनाच्या सवयी आधीच माहीत असाव्यात :

१. पंपावर डिझेलची खूण चौकोन आहे, पेट्रोलची गोल. पेट्रोलची नळी डिझेलच्या टाकीत सहज शिरते. चुकून भरलेच तर किल्ली फिरवू नका. गाडी ओढून न्यायला सांगा.
२. नव्या डिझेल गाड्यांत 'अॅडब्ल्यू' नावाचे द्रावणही भरावे लागते. ते संपले की बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही.
३. फक्त शाळा आणि बेकरीपर्यंतच गाडी नेली तर काजळीची गाळणी तुंबते. मधूनमधून लांबचा रस्ता दाखवावा.
४. थंडीत डिझेलमधले मेण गोठते. इथल्या पंपांवर १६ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर हिवाळी डिझेल मिळते. उन्हाळ्यात भरलेली टाकी थंडीसाठी राखून ठेवू नका.

उतारावर

क्योनिगश्टूल ५६८ मीटर उंच आहे. तिथून ट्रेलरसह उतरताना नुसत्या ब्रेकवर राहिलात तर ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. आपल्याकडचे घाटातले ड्रायव्हर सांगतात : ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. ओढायचे काम इंजिन करते. थांबवायचे शहाणपण चालकाकडे हवे.

निघण्यापूर्वी मुलांनी मोठ्याने विचारावे : गोळ्यावर दांडी नीट बसली का? दिवे लागतात का? टायरमध्ये हवा आहे का? सामान बांधले का? गाडी उलाळ तर नाही ना?

शब्दओळख

जू – बैलांच्या मानेवर ठेवायचे लाकूड
उलाळ – मागच्या बाजूला जड झालेली (गाडी)
आवळणे – घट्ट बांधणे
काजळी – धुराचा काळा थर

गृहपाठ

१. भरलेला ट्रेलर ५०० किलोचा आहे. दांडीवर किमान किती दाब हवा?
२. गाडी २००० किलो, ट्रेलर १४०० किलो (दोन्ही कागदावरची कमाल वजने). 'बी' परवाना पुरेल का? कारण लिहा.
३. आजी-आजोबांना फोन करून बैलगाडीच्या पाच भागांची नावे विचारा आणि चित्र काढून पुढच्या शनिवारी घेऊन या.