कॉलेजचं नाव कुठवर पुरतं

लातूरहून मी एका नामांकित राष्ट्रीय विधी विद्यापीठात गेलो तेव्हा आईनं गल्लीभर पेढे वाटले. पाच वर्षांनी दिल्लीतल्या एका बड्या फर्मनं कॅम्पसवरच नोकरी दिली. मुलाखतीत निम्मा वेळ कॉलेजबद्दलच बोलणं झालं. पहिलं दार त्या नावानं उघडलं, हे मी नाकारत नाही.

चूक पुढची. सात वर्षं करारांचे मसुदे केले. तीस हजारी कोर्टातले एक ज्येष्ठ वकील म्हणाले होते, "संध्याकाळी चेंबरवर येत जा, साक्षीपुरावा शिकशील." खालच्या कोर्टात उभं राहणं मला कमीपणाचं वाटलं. गेलो नाही.

मग स्वतंत्र वकिली सुरू केली आणि साकेत कोर्टात पहिली उलटतपासणी वाट्याला आली. पोलिसांना दिलेल्या जबाबाच्या अगदी उलट साक्षीदार बोलत होता. विसंगती मला तोंडपाठ होती. पण लेखी जबाबावरून साक्षीदाराला खोटं पाडायचं, तर त्यातला नेमका मजकूर आधी त्याच्यासमोर ठेवावा लागतो. तेव्हा पुरावा कायद्याचं ते कलम १४५ होतं, आज भारतीय साक्ष्य अधिनियमात १४८ आहे. परीक्षेत मी त्यावर पानभर लिहिलं होतं. उभा राहिलो तेव्हा मात्र हात त्या कागदाकडे गेलाच नाही. हरकत आली, मान्य झाली आणि विसंगती नोंदली गेली नाही. मागच्या बाकावर आरोपीचा भाऊ बसला होता. त्याची नजर अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढच्या पायऱ्यांवरही कॉलेजचं नाव विचारलं जात नाही. सुप्रीम कोर्टात प्रकरणं दाखल करण्याचा अधिकार असलेला वकील, म्हणजे ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड, व्हायला ४ वर्षांची वकिली, १ वर्षाची उमेदवारी आणि ४ पेपरांची परीक्षा लागते. कोर्टापासून १६ किलोमीटरच्या आत ऑफिस हवं, नोंदणीकृत कारकून हवा. कॉलेज कोणतं, याची अट नाही. २०१७ साली ज्येष्ठ वकिलाचा दर्जा द्यायला १०० गुणांची पद्धत आली. २०२५ मध्ये ती रद्द झाली, पण तिच्यातही कॉलेजला एकही गुण नव्हता. शरद बोबडे नागपूरला शिकले, भूषण गवई अमरावतीला. दोघेही सरन्यायाधीश झाले. अर्थात बोबडेंच्या घरी वकिली होती, गवईंच्या घरी राजकारण. घरचं नाव कॉलेजच्या नावापेक्षा जास्त टिकतं, हेही मी दिल्लीतच पाहिलं.

म्हणून मुलामुलींनो, मोठ्या कॉलेजात जागा मिळाली तर जरूर जा. मात्र कर्ज काढणार असाल तर हप्ता आधी मांडून पाहा, कारण तशाच हप्त्यापायी मी सात वर्षं फर्म सोडू शकलो नाही. आणि कॉलेज कुठलंही असो, सुट्टीत कडकडडूमा, रोहिणी, द्वारका, जवळ असेल त्या कोर्टात साक्षीपुरावा ऐकायला बसा. दिल्लीतली जिल्हा न्यायालयं सकाळी दहाला सुरू होतात. त्याआधी पोचा.