लोहभस्म : निर्माणविधीनुसार होणारा गुणभेद

पांडुरोगात लोहकल्पांची योजना आपण नित्य करतो. तथापि, दोन घाण्यांतील लोहभस्म शेजारी ठेवल्यास एक तांबडे, तर दुसरे काळपट दिसू शकते. लोहचुंबकास एक झटकन चिकटते, दुसरे जवळजवळ निश्चल राहते. नाव एक असूनही द्रव्य एक नाही. या भेदाचे मूळ निर्माणविधीत आहे.

सामान्य शोधनात तप्त लोह तैल, तक्र, गोमूत्र, कांजी व कुलत्थक्वाथ यांत प्रत्येकी ७ वेळा विझविले जाते. तापलेल्या पृष्ठावर ऑक्साइडचा थर धरतो, अकस्मात थंडाव्याने तो तडकतो व लोह ठिसूळ होते. पुढे त्रिफळाक्वाथात विशेष शोधन व त्यानंतर भानुपाक, स्थालीपाक आणि पुटपाक हा क्रम असतो.

पुटपाकात शरावसंपुट घट्ट असेल व भावनाद्रव्याचा कोळसा शिल्लक राहत असेल, तर प्राणवायू अपुरा पडून काळे, तीव्र चुंबकीय मॅग्नेटाइट टिकते. वायू मुबलक व अग्नी तीव्र असल्यास तांबडे, अल्प चुंबकीय हेमेटाइट बनते. मधली अवस्था मॅघेमाइट. ते तपकिरी-तांबडे असूनही चुंबकास ओढले जाते. अमृत लोहही चिकटते. म्हणून केवळ वर्ण वा केवळ चुंबक यांवरून निर्णय करू नये. क्ष-किरण विवर्तनाने घटक निश्चित होतात.

कणांचा आकारही विधीवर अवलंबून असतो. मर्दनाने कण सूक्ष्म होतात. अतितीव्र अग्नीने ते परस्परांस जुळून स्थूल होतात. सूक्ष्म कण आम्लात लवकर विरघळतात, दृढ स्फटिकी हेमेटाइट सावकाश. आधुनिक प्रयोगशाळेत लोहक्षारांपासून सहअवक्षेपणाने चुंबकीय अतिसूक्ष्म कण करतात, तेथेही तापमान व क्षारता बदलताच आकार बदलतो. अशा कणांचे फेरुमॉक्सिटॉल हे औषध अमेरिकेत २००९ मध्ये वृक्कविकारजन्य लोहन्यूनतेसाठी मान्य झाले. मात्र ते आवरणयुक्त असून शिरेवाटे देतात. भस्माशी त्याची बरोबरी करू नये. वारितरत्व हे पाण्याच्या पृष्ठताणावरही अवलंबून असल्याने, तेवढ्यावरून भस्म 'नॅनो' ठरत नाही.

औषधनिर्मात्यांनी प्रत्येक घाण्याची कच्चे लोह, भावनाद्रव्य, पुटसंख्या, तापमान, वर्ण, चुंबकपरीक्षा व अपुनर्भव परीक्षा ही नोंद ठेवावी. अनुसूची 'टी'नुसार निर्मितीची नोंद आवश्यकच आहे. अड्याळसारख्या गावी प्रयोगशाळा हाताशी नसली, तरी वही व चुंबक ठेवता येतात. वैद्यांनीही रुग्णपत्रिकेवर घाणा क्रमांक लिहावा. अन्यथा उपचारात मध्येच भस्म बदलते, हिमोग्लोबिन वाढत नाही आणि आपण व्याधीस दोष देऊन मात्रा वाढवीत राहतो.